कडेची जागा

कोट वळला, आणि आतला माणूस भलताच निघाला.

उपासना नुकतीच संपली होती. चर्चच्या मागच्या भिंतीला लागून काचेची एक खोली आहे, तान्ह्या मुलांच्या आयांसाठी केलेली. तिथे उभी राहून धाकटी बाळाच्या हनुवटीवरचं ओलं बिस्किट पुसत होती. सहाव्या बाकावर, अगदी भिंतीकडच्या जागेवरून, तो करडा लांब कोट उठला. मखमली कॉलरीचा, मागे पट्टा असलेला, हजारांत ओळखू येईल असा. त्या कॉलरीच्या वर घड्याळवाल्या आजोबांची पांढरी मिशी असायला हवी होती. तिथे निघाला तिशीतला एक तरणाबांड माणूस. केस बारीक कापलेले आणि त्यांत चुन्याची भुकटी अशी मुरलेली की मागून पिकलेले दिसावेत.

धाकटीनं बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि पिशवीतली वही काढली. आजची खूण तिनं पहिल्या गीतालाच करून टाकली होती. मागचे तीन रविवारही तसेच. चार रविवार, चार ठसठशीत खुणा. आजोबा हजर.

या चर्चमध्ये बाकं बावीस, आणि दर बाकाला एक सांभाळणारं माणूस. ही रीत कुणी घातली ते कुणालाच आठवत नाही, पण ती चालत आली आहे. सांभाळणाऱ्यानं रविवारी आपल्या बाकावर कोण आलं, कोण नाही ते वहीत टिपायचं, आणि जो आला नसेल त्याच्या दारात बुधवारी जाऊन उभं राहायचं. बस्स, एवढंच. उपदेश करायचा नाही, का आला नाहीत म्हणून जाब विचारायचा नाही. बरे आहात ना विचारायचं, चहा मिळाला तर प्यायचा, औषधं आणायची असतील तर आणून द्यायची. सहाव्या बाकाची सांभाळणारी बावीस जणांत सर्वांत लहान, म्हणून सगळ्यांची धाकटी. वही हातात आली तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला होता. पहिल्या वर्षी तिचा एक बुधवार चुकला नाही.

मग बाळ झालं. बाळ गीतांना गप्प बसे आणि उपदेशाला भोकाड पसरी, तेव्हा धाकटीची रवानगी काचेच्या खोलीत झाली. तिथून सहावं बाक म्हणजे नुसत्या पाच पाठी. मधे काच, काचेवर पोरांच्या बोटांचे ठसे. तिनं पाठींवरून माणसं ओळखायला सुरुवात केली होती, आणि आपल्याला ते छान जमतं असंही तिला वाटत होतं.

ती बाहेर धावली. कोटवाला दारापाशीच भेटला. रंगारी होता, या भागात नवा. कोट जिन्याखालच्या कपाटातला, जिथे लोक नको असलेले कपडे आणून ठेवतात. "बसायला तेवढीच एक जागा मोकळी दिसली, ताई," तो म्हणाला. "कुणाची आहे का? उठतो मी." एवढ्या अदबीनं म्हणाला की धाकटीला त्याचंही वाईट वाटलं. चार आठवडे हा माणूस तिच्या बाकावर बसत होता आणि त्याला कुणी नाव विचारलं नव्हतं, कारण तिच्या वहीत तो नव्हताच.

बाकावरची शिंपीण आपल्या पर्समध्ये किल्ली शोधत होती. आजोबा कुठे आहेत, ठाऊक आहे का, धाकटीनं विचारलं. शिंपिणीचा हात पर्समध्येच थांबला. तिला वाटलं होतं धाकटी जाऊन आली असेल. धाकटी काही बोलली नाही, म्हणजे ठीकच असणार. शिंप्यालाही तसंच वाटलं होतं. शेजारच्या दोघी बहिणींनाही. काळजी घेणारं एक माणूस नेमलं की बाकीच्यांच्या डोक्यावरचा भार उतरतो, आणि ते माणूस काचेआड.

घरी येऊन तिनं नवऱ्याला वाढलं. नवरा गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतो, रविवारी दुपारी त्याला पाठ टेकायची असते. तो म्हणाला, जेव तरी. ती दोन घास खाऊन उठली, बसली, परत उठली. फोन करावा तर आजोबांनी घरात फोन कधी घेतलाच नव्हता. जन्मभर लोकांचे गजर दुरुस्त केले, आता घरात घंटा नको, असं म्हणत. मुलंबाळं नाहीत. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस. जिन्यावरून पाय घसरायला एक दिवस पुरतो.

बाळाला छातीशी बांधून ती निघाली तेव्हा नवऱ्यानं डोळे न उघडता विचारलं, मी येऊ का. नको म्हणाली. चूक तिची होती, तर पायही तिचेच चालायला हवेत.

रस्ता वीस मिनिटांचा, तिनं बारा मिनिटांत कापला. वाटेत मनात नको नको ते येत होतं आणि ती ते मोठमोठ्यानं अंगाईच्या चालीत बाळाला सांगत होती, म्हणजे निदान एकीला तरी ते भयंकर वाटू नये. पडले असतील का गं. उठता आलं नसेल का गं. बाळ मजेत पाय हलवत होतं. तीन मजले चढून ती दारापाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. दार वाजवलं. उत्तर नाही. परत वाजवलं, मग दाराला कान लावला.

आत घड्याळं चालत होती. पाच-सहा तरी असावीत, एकमेकांशी न जमणारी. आजोबांनीच एकदा तिला सांगितलं होतं की भिंतीवरचं चावीचं घड्याळ एकदा चावी दिली की आठ दिवस चालतं. म्हणजे आठ दिवसांत कुणीतरी चावी दिली आहे. जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तिच्या मनात आलं, आठ दिवस म्हणजेही थोडे नव्हेत. ती मुठीनं दार बडवू लागली.

"मोडून टाक," आतून आवाज आला. "सुतार आपल्या बावीस बाकांवर एकही नाही, लक्षात ठेव."

दार उघडलं. आजोबा होते तसेच होते, थोडे वाळलेले, दाढी वाढलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज रविवार. तुमचा दिवस बुधवार."

धाकटी तिथेच उंबऱ्यावर रडायला लागली. तिच्या तोंडाकडे बघून बाळही रडू लागलं. आजोबांना आत घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पाणी देऊन झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि खिडकीकडे बघत त्यांनी हिशेबच मांडला. पहिल्या बुधवारी त्यांनी दोन कप काढून ठेवले होते. काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं, गुडघा धरला म्हणून. दुसऱ्या बुधवारी एकच कप काढला, म्हटलं आली तर दुसरा धुवायला वेळ कितीसा लागतो. तिसऱ्या बुधवारी काही काढलं नाही.

धाकटीनं सगळं सांगून टाकलं. काच, पाठी, कोट, चार खुणा. सांगताना तिला वाटलं आता हा म्हातारा आपल्याला बाहेर काढील, आणि काढलं तर बरंच होईल.

आजोबांनी विचारलं, "खांद्यात बसतो का त्याला?"

"बसतो."

"मला कधीच बसला नाही." मिशी जरा हलली. "म्हणजे मी नाही गेलो तरी चालतं. कोट गेला की झालं."

"आजोबा."

"राहू दे. थट्टा करायला तरी कोण आलंय चार आठवड्यांत."

ती बाळाला खाली सोडायला म्हणून वाकली आणि तेव्हा तिनं खोली नीट पाहिली. खिडकीपासून कपाटापर्यंत दोरी बांधलेली, दोरीवर चादरी. एक, दोन, चार. एका माणसाच्या एका पलंगाच्या चार चादरी, वर दोन विजारी. कोपऱ्यात बादली, बादलीला जंतुनाशकाचा वास. हा वास धाकटीच्या नाकात आठ महिने बसलेला. ज्या घरात धुणं रोज पडतं, दिवसातून दोनदा पडतं, आणि तरी पुरत नाही, ते घर तिला डोळे मिटून ओळखता आलं असतं. भिंतीकडची जागा तिला आठवली. तिथून बाहेर पडायचं तर चार माणसांना उठवावं लागतं.

काचेच्या खोलीतल्या आया एकमेकींना काहीही विचारतात. तिथली सवय जिभेवर होती, म्हणून ती विचारून बसली.

"किती वेळा?"

"काय किती वेळा?"

तिची नजर दोरीवरच्या चादरींवर गेली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दोरीकडे. त्यांच्या मानेवरून लाली वर चढत गेली. एवढ्या वयाच्या माणसाला असं लाजताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. आता हे दार कायमचं बंद होणार हे तिला कळलं, आणि ते बंद व्हायच्या आत तिनं स्वतःचंच एक दार उघडून टाकलं. नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट तिनं या ऐंशीच्या म्हाताऱ्याला सांगितली, बाळाचे मोजे सारखे करत, वर न बघता. बाळंतपणानंतर चार महिने तिचं तसंच होतं. शिंक आली की व्हायचं. हसू आलं की व्हायचं.

"मग?" आजोबांनी विचारलं.

"मग मी हसणं बंद केलं."

"हं. मी उपासना बंद केली."

"ते काही औषध नव्हे, आजोबा."

"अर्ध्या तासानं," ते खिडकीला म्हणाले. "कधी त्याच्याही आधी. त्या कोटाला बटणं फार होती."

मग मात्र ते बोलत राहिले. एकदा चर्चमध्येच, गीत चालू असताना, त्या चौघांना उठवायचा धीर झाला नाही आणि व्हायचं ते झालं. घरी येईपर्यंत कोट पुढे धरून चालले. दुसऱ्या दिवशी धुतला, वाळवला आणि चर्चच्या त्या जिन्याखालच्या कपाटात नेऊन ठेवला. डॉक्टरकडे गेले नव्हते, कारण दवाखान्यात नाव पुकारतात आणि काय होतंय ते खिडकीतल्या बाईला सगळ्यांदेखत सांगावं लागतं. आणि चर्चमध्ये सांगायचं तर आजाऱ्यांची यादी. दर रविवारी ती वाचली जाते, नाव आणि आजार, म्हणजे मंडळीला नेमकी प्रार्थना करता यावी.

"माझं नाव त्या यादीत आलं," ते म्हणाले, "तर मी गाव बदलीन. या वयात."

नाही येणार, ती म्हणाली. तिचा नवरा त्यांना गुरुवारी मोटारीनं दवाखान्यात नेईल, खिडकीशी तोच बोलेल. नवऱ्याला काय सांगशील, त्यांनी विचारलं. पोटाचं म्हणून सांगेन. "पोटच ते," आजोबा म्हणाले, "जरा खालच्या मजल्यावरचं." आणि ती हसली, आणि काही झालं नाही.

उपासनेचं काय, हा प्रश्न मात्र राहिलाच. ती म्हणाली, माझ्याजवळ काचेच्या खोलीत बसा, तिथे कुणी केव्हाही उठतं, केव्हाही जातं. आजोबा ताठ झाले. चाळीस वर्षं भिंतीकडे बसलो, आता काय पाळण्यात बसू? बरं, मग बाजूच्या दाराजवळ. एकोणिसावं बाक, कडेची जागा. दार उघडलं की चार पावलांवर मोरी आणि शौचालय. कुणाला उठवायला नको, कुणाला दिसायला नको.

आजोबांनी हात झटकला. "तिथे ती बाई बसते. तिला उठवायला स्वर्गातून माणूस यावं लागेल, आणि आलं तरी आधी ती त्याला पाय पुसायला लावील."

ती बाई म्हणजे दारावरच्या मावशी. एकोणिसावं बाक त्यांच्याच वहीत होतं, आणि कडेची जागा तीस वर्षं त्यांची. उशिरा येणाऱ्याकडे त्या तिथून अशा बघत की माणूस पुढच्या रविवारी अर्धा तास आधी येऊन बसे. आजोबांनी दुरुस्त केलेलं त्यांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे जातं अशी त्यांची जुनी तक्रार होती. बाईच पाच मिनिटं मागे आहे, असं आजोबांचं जुनं उत्तर.

मंगळवारी धाकटीनं पाळकसाहेबांपुढे वही ठेवली आणि चारही खुणा त्यांच्यासमोर खोडल्या. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, काय झालंय त्यांना, यादीत काय लिहू. काही लिहू नका, ती म्हणाली. पाळकसाहेबांचं पेन थोडा वेळ कागदावर उभं राहिलं. कारण कळलं नाही तर मंडळी प्रार्थना कशी करणार, असं ते म्हणाले तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "देवाला माहीत आहे, मंडळीला कशाला हवं?" मग तीच घाबरली. पेन मात्र खाली ठेवलं गेलं.

गुरुवारी डॉक्टरनं गोळ्या दिल्या, गुण यायला महिना-दीड महिना लागेल म्हणाला. नवऱ्यानं वाटेत एक शब्द विचारला नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, की म्हातारा इंजिनातलं बरंच जाणतो.

शनिवारी सकाळी मावशी चर्चमध्ये वेदीवरचे मेणबत्त्यांचे पितळी खांब घासत होत्या. धाकटी बाळाला कडेवर घेऊन शेजारी उभी राहिली. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं आणि आता त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. शेवटी तिनं सरळ मागितलं. उद्यापासून तुमची जागा घड्याळवाल्या आजोबांना द्या.

मावशींनी फडकं थांबवलं नाही. "का गं?"

"ते सांगता येत नाही."

"मग मलाही उठता येत नाही."

बाळानं फडक्याकडे हात केला. मावशींनी ते न बघता दुसऱ्या हातात घेतलं. धाकटी जाऊ शकली असती, पण गेली तर उद्या तो माणूस घरात बसणार आणि परवाही बसणार, आणि मग चावीच्या घड्याळाचे आठ दिवस ती किती वेळा मोजणार होती?

"मावशी, चार रविवार मी त्यांना हजर धरलं आणि ते घरी एकटे होते. माझ्या बाकावर त्यांचं निभत नाही. तुमच्या बाकावर निभेल. एवढंच मला ठाऊक आहे. यापुढे विचारू नका, मी खोटं बोलेन."

मावशी खांबाची एकच बाजू घासत राहिल्या.

"म्हणजे तो माणूस माझ्या वहीत येणार."

"हो."

"आणि तुझ्या वहीतून जाणार."

हे धाकटीनं धरलंच नव्हतं. चुकलेलं माणूस परत मिळालं, तोवर दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ. "हो," ती म्हणाली.

"बघू," मावशी म्हणाल्या, आणि दुसरा खांब ओढला.

या 'बघू'चा अर्थ काय लावायचा? लग्नाच्या बोलण्यांत 'बघू' म्हणजे नाही, घरमालकाचं 'बघू' म्हणजे कधीच नाही. रात्र तिनं कूस बदलण्यात काढली. सकाळी आजोबांकडे निरोप धाडला तो नुसता, या.

रविवारी काचेच्या खोलीत तिचा पाय ठरेना. बाळ शहाण्यासारखं झोपलं होतं, त्यामुळे हातांनाही काम नव्हतं. एकोणिसाव्या बाकावर मावशी नव्हत्या. त्या बरोबर मागे, विसाव्या बाकाच्या कडेला बसल्या होत्या, ताठ, नेहमीसारख्याच. कडेच्या जागेवर त्यांची काळी पिशवी ठेवलेली. पहिलं गीत झालं. पिशवीच होती. दुसरं झालं. सहाव्या बाकावर रंगारी कोटात बसला होता, आणि आज शिंपीण त्याच्याशी काहीतरी बोलत होती. प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या, धाकटीनं घातली नाही. देव बापा, मला बघू दे, ती म्हणाली, आणि तीच तिची प्रार्थना.

बाजूचं दार हललं. निळा स्वेटर घातलेले, दाढी केलेले आजोबा दार हातानं सावकाश लावत आत आले. मावशींनी डोळे मिटलेलेच ठेवून हात पुढे केला आणि पिशवी उचलली.

उपदेश सुरू झाला. दहा मिनिटं. पंधरा. आजोबांचे खांदे आता सैल नव्हते. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा समोर. धाकटीची बोटं काचेवर टेकली. उठा, ती म्हणत होती, उठा हो, कुणी बघत नाही. खरं म्हणजे सगळे बघणार होते. त्या दाराला स्प्रिंग होती, घाईत सोडलं की ते तोफ डागल्यासारखं आपटायचं आणि शंभरेक माना मागे वळायच्या. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आजोबा उठले. दार उघडून गेले. दार परतू लागलं.

मावशींनी मान हलवली नाही, नजर पाळकसाहेबांवरून काढली नाही. फक्त पाय बाजूला सरकवला. दार त्यांच्या काळ्या बुटावर येऊन आवाज न करता थांबलं. एकही मान वळली नाही.

तीन-चार मिनिटांनी निळा स्वेटर परत आत आला आणि कडेच्या जागेवर बसला. मावशींनी पाय बुटातून हळूच मागे घेतला. बूट मात्र दाराच्या फटीत तसाच राहू दिला, पुढच्या खेपेसाठी.